न धुतलेली अंडी

आमच्या घरात अंडी धुवायची नाहीत असा नियम आहे. नियम मीच केला. बायकोला, मेधाला, त्याचं कारण अर्धं माहीत आहे, मुलाला अजिबात नाही, आणि कोणी पाहुण्याने विचारलंच तर मी कवचाबद्दल काहीतरी शास्त्रीय पुटपुटतो आणि चहाचं विचारतो. खरं कारण म्हणजे जर्मनीतले आमचे घरमालक हेर हेफेले, म्हणजे श्रीयुत हेफेले. त्यांच्याबद्दल मी आजवर पुष्कळांना पुष्कळ सांगितलं आहे. ते जिना कसा झाडायचे, कोंबड्यांशी कसं बोलायचे, याच्या नकलाही करून दाखवल्या आहेत. लोक हसतात. एक गोष्ट मात्र मी दरवेळी गाळतो. ती एकदा लिहून टाकावी म्हणून हा खटाटोप.

दोन हजार दोन साली आम्ही जर्मनीत ब्योब्लिंगेनजवळच्या एका गावात हेफेल्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. खाली ते एकटेच. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्या का झाल्या हे त्यांच्याकडून लिहून घ्यायचं आणि खाली सही घ्यायची. या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता, असं तेव्हा मला वाटायचं.

हेफेले सत्तरीचे, उंच, चालताना डावीकडे कललेले. खुबा दुखायचा. अंगात कायम निळा कामाचा डगला, खिशात एक पेन्सिल आणि मूठभर गहू. सगळी नोकरी झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात, रंगखात्यात झालेली. रस्त्यावरून जाणारी पांढरी गाडी बघून ते सांगत की उजवा दरवाजा नंतर रंगवलाय. मला दोन्ही दरवाजे सारखेच पांढरे दिसत. "एर्श्ट गुके, दान श्वेत्से," ते म्हणायचे. आधी बघायचं, मग तोंड उघडायचं. त्यांच्या श्वाबियन बोलीतलं मला कळलेलं हे पहिलं वाक्य, आणि त्यातलं दुसरं अर्धं ते इतकं पाळायचे की दिवसाकाठी त्यांच्या तोंडून वीसेक वाक्यं निघाली तरी खूप झालं.

तिकडे केअरवोखे नावाचा प्रकार असतो. जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी अडकवतात. पहिल्या वेळी पाटी आमच्या दारावर आली ती मला शोभेची वस्तू वाटली. आठवडाभर मी तिच्याकडे कौतुकाने बघत जात-येत होतो. शनिवारी हेफेल्यांनी जिना स्वतः झाडला, पुसला, आणि चकार शब्द न बोलता पाटी आमच्याच दारावर राहू दिली. पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या आठवड्यात मेधाच्या ऑफिसमधल्या बाईने तिला अर्थ सांगितला, तेव्हा मी झाडू घेऊन धावलो. हेफेले खालच्या दारात उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली आणि शनिवारी पाटी काढून आपल्या दारावर नेली. ओरडणं नाही, चिठ्ठी नाही, तक्रार नाही. माणसाला त्याचं त्याला कळेपर्यंत वेळ द्यायचा, ही त्यांची रीत होती.

मागच्या अंगणात त्यांच्या कोंबड्या. मी पुण्याचा, सदाशिव पेठेत वाढलेला. कोंबडी म्हणजे पांढरी किंवा तांबडी एवढंच ज्ञान. या तशा नव्हत्या. अंगभर तांबूस तपकिरी पिसं, आणि प्रत्येक पिसाला काळ्या रंगाची दुहेरी किनार, एक कडेला आणि एक आत. ऊन पडलं की तो काळा हिरवा चमकायचा. पाय पिवळे, चाल संथ. कुंपण माझ्या कमरेएवढंच होतं, पण ओलांडायचा विचार एकीच्याही डोक्यात येत नसे. पावसात, बर्फात, चिखलात त्या सारख्याच शांतपणे वावरायच्या आणि ऐन थंडीतही अंडी द्यायच्या. जात बार्नेवेल्डर, मूळची हॉलंडची. कोंबड्यांना नावं नव्हती, पायातल्या कडीवरचा नंबर तेवढा होता. कोंबड्याला मात्र नाव होतं, आणि आजवरच्या प्रत्येक कोंबड्याला तेच एक: कोनिंग. डच भाषेत राजा. ते नाव त्यांच्या बायकोने ठेवलेलं.

बायकोचं नाव आनेके. ती बार्नेवेल्डच्या बाजूची. आम्ही राहायला गेलो त्याच्या आधीच पाच वर्षं ती वारली होती. एका रविवारी हेफेल्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून कॉफी दिली आणि एका दमात इतकं बोलले की मी घड्याळाकडे बघितलं नाही. तिच्या गावाकडचे शेतकरी फार पूर्वी साध्या गावठी कोंबड्या पाळायचे. मग जहाजांतून आशियातल्या धिप्पाड जाती आल्या, कोचीन, ब्रह्मा, लांगशान, आणि त्यांचा संकर झाला. हेतू एकच होता, हिवाळ्यातही अंडी मिळावीत आणि ती गडद तपकिरी असावीत, कारण इंग्लंडच्या बाजारात तशा अंड्यांना मागणी होती. सुरुवातीला म्हणे या कोंबड्यांत दोन एकसारख्या सापडत नसत, पण अंडी मात्र सगळ्यांची सारखी. रूप नंतर आलं. लोकांनी निवड करत करत ती दुहेरी किनार पक्की केली. "ब्रह्मा हे तुमच्याकडच्या ब्रह्मपुत्रा नदीवरून आलेलं नाव," ते मला म्हणाले. "तेव्हा, हेर दामले, हिच्यात थोडं तुमचंही आहे." मी हसलो. मला ते बोलणं आवडलं होतं, आणि ज्या गोष्टीत आपलं काहीही कर्तृत्व नाही तिचा अभिमान मला चटकन वाटतो.

लग्न होऊन आनेके जर्मनीला आली तेव्हा तिने माहेरून डझनभर अंडी लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन आगगाडीतून आणली होती. हेफेल्यांच्या कोंबड्या त्या अंड्यांतल्या. तेव्हापासून बाहेरचं रक्त जवळपास नाही. गावातल्या पाळणाऱ्यांच्या मंडळात बाकी सगळ्यांकडे दुसऱ्या जाती होत्या, ही फक्त यांच्याकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीत आतलं काढून घेतलेल्या रिकाम्या अंड्यांची रांग होती. दरवर्षीचं सर्वांत गडद अंडं, खाली पेन्सिलीने साल. आणि भिंतीवर एक अरुंद लाकडी पट्टी, तिच्यावर त्यांनी स्वतः गाडीच्या रंगाने काढलेल्या तपकिरीच्या नऊ छटा. एक म्हणजे चहात दूध जास्त झाल्यासारखी, नऊ म्हणजे जळक्या गुळासारखी. सहा नंबरच्या वरचं अंडं असेल तरच ते उबवायचं. वसंतात कोंबडी नुकती अंड्यावर आलेली असताना रंग गडद असतो, पुढे महिन्यागणिक फिका होत जातो, म्हणून उबवायची अंडी तेव्हाच निवडायची. तो रंग कवचाच्या आतपर्यंत नसतो, हेही त्यांनी सांगितलं होतं. अंडं बाहेर पडता पडता वरून चढतो, ओला असताना बोटालाही लागतो. हे सांगताना त्यांनी आपला अंगठा मला दाखवला होता. मी 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणालो होतो. परदेशात मला न कळलेल्या किंवा न ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला मी 'गेनाऊ' म्हणायचो.

प्रदर्शनात त्यांना बक्षीस कधी मिळायचं नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. परीक्षकांनी कोंबडी हातात धरून, पिसं उलगडून, मानेवरची किनार पुसट आहे म्हणून गुण कापले. बाकीचे लोक वाद घालत होते. हेफेल्यांनी कोंबडी परत घेतली, डगल्यात धरली आणि परतीच्या वाटेवर एवढंच बोलले: "पिसं परीक्षकांसाठी. अंडं आनेकेसाठी."

दोन हजार चारच्या जानेवारीत मेधाच्या बाळंतपणासाठी आई आली. तीन महिन्यांचा व्हिसा. आईला हेफेले हे नाव पहिल्या दिवशीच पाठ झालं. "गोखले, हेफेले, आपल्यातलेच वाटतात," ती म्हणाली, आणि शेवटपर्यंत त्यांच्याशी मराठीतच बोलली. 'अहो हेफेले, पाय कसा आहे?' ते श्वाबियनमध्ये उत्तर द्यायचे. दोघांचं छान चालायचं. मी मधे दुभाषा म्हणून उभा असलो की उलट अडखळायचं.

ती आली त्याच संध्याकाळी हेफेले स्वागताला सहा अंडी घेऊन वर आले, सगळ्यात गडद, शोभेला मांडून ठेवावीत अशी. त्यांनी खोका पुढे केला आणि आईने हसत हसत दोन्ही हात पाठीमागे नेले. आमच्या आईने आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही. वडिलांना डॉक्टरांनी अंडी सांगितली तेव्हा त्यांच्यासाठी गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळा तवा ठेवला होता आणि ते स्वतः करून घेत. मी कानकोंडा झालो. काहीतरी जुळवून सांगायला लागलो. हेफेल्यांनी आईच्या पाठीमागे गेलेल्या हातांकडे पाहिलं, मान हलवली, खाली गेले, आणि पाच मिनिटांत आपल्या झाडाचे अक्रोड घेऊन आले. ते आईने ओंजळीत घेतले. त्यानंतर वर येताना त्यांच्या एका हातात मेधासाठी अंडी असत आणि दुसऱ्या हातात आईसाठी अक्रोड, आणि त्यांचे हात कधी चुकले नाहीत.

फेब्रुवारीत आमचा मुलगा जन्मला. मार्चच्या सुरुवातीला एके सकाळी कोनिंग खुराड्याच्या दारात मरून पडलेला सापडला. म्हातारा झाला होता. त्याच्या जागेवर यायचे दोन तरणे कोंबडे आदल्या शरदात मुंगसासारख्या एका चोरट्या प्राण्याने नेले होते, आणि पाच कोंबड्याही आता वयाने पुढे गेलेल्या. हेफेले त्या सकाळी बराच वेळ अंगणातच उभे होते. मग वर आले आणि दारातच म्हणाले की कोंबडा गेला तरी त्याचं बी कोंबडीच्या पोटात दहा-बारा दिवस राहतं. या दहा दिवसांत पडतील तेवढीच अंडी आनेकेच्या कोंबड्यांची शेवटची. पण चार महिन्यांपूर्वी मिळालेली खुब्याच्या ऑपरेशनची तारीख दोन दिवसांवर होती, आणि ती सोडली तर पुढची कधी मिळेल ते देवच जाणे. मंडळातल्या कोणाला तरी रोज गावापलीकडून यायला सांगावं लागेल, असं ते म्हणत होते.

"मी आहे ना," मी म्हणालो. "हेर हेफेले, माझं कामच क्वालिटीचं आहे."

हे वाक्य मी आजही अंघोळ करताना मधेच आठवून मोठ्याने 'छे' म्हणतो.

त्यांनी मला एक त्सेटल दिला. म्हणजे कागद, रेखीव मोठ्या अक्षरांत सूचना लिहिलेला. दाणे किती, पाणी किती वेळा, खुराड्याची झडप केव्हा बंद करायची, अंडी दिवसातून दोनदा गोळा करायची, पट्टीला लावून बघायची, सहाच्या खालची तुम्ही खा, वरची केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ट्रेत ठेवा. दोन मिनिटं ते काही समजावतही होते. माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीची मीटिंग होती. मी 'या, या', म्हणजे हो, हो, आणि 'गेनाऊ' केलं आणि कागद वर नेऊन फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला.

दहा दिवस मी ते काम निष्ठेने केलं, हे माझ्याविरुद्धच सांगावं लागेल. ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर मी अंगणात जायचो. अंडी आणायचो, पट्टीला लावायचो. त्यांना कुठे शेण, कुठे गवत लागलेलं असायचं. आमच्या घरात बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत ठेवत नाहीत. भाजी तर सोडाच, आई दुधाची पिशवीही धुते. आणि माणूस ऑपरेशन करून येणार, त्याला अशी बरबटलेली अंडी द्यायची? मी हेफेल्यांच्या केलरमधल्या नळाखाली एकेक अंडं भांड्यांच्या साबणाने धुतलं. डाग हट्टी असेल तर हिरव्या घासणीने घासलं. घासणीला तपकिरी रंग लागायचा. मला वाटलं, घाण निघतेय. मग कोरडी करून, खराब होऊ नयेत म्हणून ट्रेऐवजी त्यांच्याच केलरमधल्या जुन्या फ्रिजमध्ये ओळीने लावली. तेवीस अंडी. सगळी एका आकारात, एका दिशेने. मला ती बघून फार बरं वाटायचं.

पुढच्या उपचारांसाठी तीन आठवडे दुसरीकडे जायचं होतं ते हेफेल्यांनी डॉक्टरांशी भांडून लांबवलं आणि दहाव्या दिवशी कुबड्यांवर घरी आले. कारण अंडी त्याहून जास्त थांबू शकत नव्हती. केलरचा जिना त्यांना कुबड्यांनी उतरता येईना, तर ते पहिल्या पायरीवर बसले आणि बसूनच एकेक पायरी खाली सरकत गेले. मी मागून कुबड्या घेऊन येत होतो. ट्रे रिकामा होता. मी ऐटीत फ्रिज उघडला.

त्यांनी एक अंडं उचललं. दिव्याखाली धरलं, बोटांत फिरवलं, अंगठा त्यावरून हलकेच नेला. मग दुसरं, मग तिसरं.

"साउबर," ते म्हणाले. स्वच्छ. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "झेअर साउबर." फार स्वच्छ.

मी म्हणालो, आनंदाने केलं, त्यात काय.

त्याच संध्याकाळी काम संपलं म्हणून मी फ्रिजवरचा कागद काढला. फेकायच्या आधी सवयीने उलटा केला. मागच्या बाजूलाही तसंच रेखीव लिहिलेलं होतं. धुवायची नाहीत, पुसायचीही नाहीत. फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत. टोक खाली करून ठेवायची, सकाळ-संध्याकाळ कूस बदलायची. 'धुवायची नाहीत' याच्याखाली दोन रेघा होत्या. मी मेधाला दाखवलं. बाळाला मांडीवर घेऊन ती ते वाचत होती. ती म्हणाली, "आत्ता खाली जा आणि सांग."

मी म्हणालो, अंडी उबवायच्या यंत्रात ठेवून झालीत, आता सांगून काय उपयोग, कदाचित उबतीलही. खरं म्हणजे मला त्या माणसासमोर उभं राहून, तुमच्या कागदाची एकच बाजू वाचली, हे सांगायचं नव्हतं. ऑफिसात मी त्याच महिन्यात एका फोरमनला पूर्ण सूचना न वाचल्याबद्दल लेखी समज दिली होती.

सात दिवसांनी हेफेल्यांनी मला खाली बोलावलं. भर दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीचं शटर खाली ओढून अंधार केलेला. टेबलावर उबवायचं यंत्र, हातात टॉर्च. ते एकेक अंडं टॉर्चवर धरत. जिवंत असलं तर आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, असं त्यांनी सांगितलं. काही अंड्यांत नुसता पिवळा उजेड होता. काहींत रक्ताची एक गोल रेघ दिसली, म्हणजे सुरू होऊन थांबलेलं. तीन अंड्यांना वास येत होता. तेविसावं ठेवून त्यांनी टॉर्च विझवला, पण शटर लगेच उघडलं नाही.

"धुतली होती का?" त्यांनी विचारलं. आवाजात काहीच नव्हतं. विचारलं तेवढंच.

वरून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता आणि आई त्याला गाणं म्हणत होती.

"माझ्या आईने धुतली," मी म्हणालो. "तिला माहीत नव्हतं. आमच्याकडे सवय असते."

अंधारात मला त्यांचा चेहरा दिसला नाही. ते म्हणाले, "या. दी मुटर." हं, आई. आणि शटर वर ओढलं.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. दोन दिवसांनी आईने शिरा केला आणि वाटी घेऊन, मला दुभाषा म्हणून बरोबर घेऊन खाली गेली. अंडी गेल्याचं मेधाने तिला सांगितलं होतं. कोणामुळे गेली ते मेधानेही सांगितलं नव्हतं, ते मी सांगावं म्हणून. आई हेफेल्यांना म्हणाली, "अहो, तुमच्या बायकोची आठवण होती ती. ऐकून फार वाईट वाटलं मला. यांना सांग रे, म्हणावं मला फार वाईट वाटलं."

मी जर्मनमध्ये सांगितलं, तिला फार वाईट वाटतंय, ती माफी मागतेय. एवढी एक फोडणी मी माझ्या पदरची टाकली. आईच्या सांत्वनाचा मी कबुलीजबाब केला, तिच्यासमोर, ती माझ्याकडे विश्वासाने बघत असताना.

हेफेल्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग कुबडी टेबलाला टेकवून त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि सावकाश, मला कळावं म्हणून बोलीत नाही तर शुद्ध जर्मनमध्ये म्हणाले, "तुमचं काहीही चुकलेलं नाही."

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"आभारी आहे म्हणतात," मी म्हणालो.

एप्रिलमध्ये आई परत गेली. मंडळातला एक गृहस्थ कुंपणापाशी हेफेल्यांना अंड्यांचं विचारत होता, तेव्हा मी वर गॅलरीत बाळाचे कपडे वाळत घालत होतो. हेफेले म्हणाले, कोंबडा म्हातारा होता, बी संपलं असणार. त्याने हॉलंडहून नवा कोंबडा आणायचं सुचवलं. हेफेले म्हणाले, बघू. आणला नाही. खोटं आम्ही दोघेही बोललो होतो. त्यांचं माझ्यासाठी होतं, आणि माझंही माझ्यासाठीच.

त्यानंतर आम्ही साडेतीन वर्षं त्या घरात राहिलो. वागणं तेच. अंडी वर येत राहिली, पुढे पुढे फिकी आणि कमी, आणि मेधा ती न धुता फोडायची. कोंबड्या एकेक करून गेल्या. दर वेळी ते स्वतः खड्डा खणायचे, नव्या खुब्यासकट, आणि मी मदतीला गेलो तर नको म्हणायचे नाहीत. खड्ड्याशेजारी आम्ही दोघंच असायचो. चार वेळा तरी मी तोंड उघडून हवामानाबद्दल बोललो. ते थांबायचे, फावडं टेकून, जणू मला आणखी काही म्हणायचं असेल. मग पुन्हा माती ओढायचे.

दोन हजार सातच्या नोव्हेंबरात मला म्युनिकला नोकरी मिळाली. सामान ट्रकमध्ये गेलं, मेधा आणि मुलगा गाडीत बसले, आणि मी किल्ल्या द्यायला खाली गेलो. अंगणात आता कोणी नव्हतं. खुराड्याची झडप मात्र नीट लावलेली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत अंड्यांची ती रांग होती, आणि माझी नजर नको तिथेच गेली. दोन हजार तीनचं गडद अंडं, आणि त्याच्या शेजारी एक फिकं, पट्टीवरच्या दोन-तीन नंबरचं, पोटावर घासणीचे बारीक पांढरे ओरखडे. खाली पेन्सिलीने तेवढ्याच नेटक्या अक्षरात साल: २००४. त्याच्यापुढे खिडकी रिकामी होती.

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आत्ता सांगू, असं मी जिन्यावरून येताना ठरवलं होतं, वाक्यही जर्मनमध्ये जुळवलं होतं. ते तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. हेफेल्यांनी कपाटातून एक कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत अक्रोड होते.

"तुमच्या आईसाठी," ते म्हणाले. "पुण्याला जाल तेव्हा न्या. त्या अंड्याला हात लावत नाहीत. पहिल्या संध्याकाळीच बघितलं होतं मी."

आवाज त्या दुपारसारखाच, त्यात काहीच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. साडेतीन वर्षं हा माणूस, मी चूक केली म्हणून नाही, तर आईच्या नावावर ती लिहिली म्हणून माझी वाट बघत होता, आणि मी त्याला हवामान सांगत होतो. मी म्हणालो, "डांके, हेर हेफेले." ते म्हणाले, "हो, हो," आणि हात पुढे केला. मी हात मिळवला आणि बाहेर पडलो.

त्या आठवड्यात केअरवोखे आमची होती. सामानाच्या गडबडीत जिना झाडायचा राहून गेला होता, हे मला फाटकापाशी आठवलं. मी वळून बघितलं. खालचं दार उघडंच होतं. हेफेले कठडा धरून, एकेक पायरी चढत वर गेले, आमच्या रिकाम्या घराच्या दारावरची पाटी त्यांनी काढली, खाली आणली आणि आपल्या दारावर अडकवली. मग कोपऱ्यातला झाडू घेतला, पुन्हा वर चढले आणि वरच्या पायरीपासून झाडायला लागले.

मेधाने हॉर्न वाजवला. मी अक्रोडांची पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसलो.